लाल फीत

लंडनमधील बॅरिस्टरांच्या कचेऱ्यांत एक जुनी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सॉलिसिटराकडून एखाद्या दाव्याचे कागद बॅरिस्टराच्या टेबलावर येतात, तेव्हा ते उभे दुमडलेले असून त्यांच्याभोवती बोटभरही रुंद नसलेली एक सुती फीत गुंडाळून तिची साधी गाठ मारलेली असते. काम संपले, की बॅरिस्टर त्याच पुडक्याच्या पाठीवर निकाल टिपून ठेवतो, फीत पुन्हा बांधतो आणि कागद आले त्या वाटेने परत जातात. या फितीचे नाव ‘लाल’ असले, तरी तिचा रंग गुलाबीकडे झुकणारा असतो, आणि सरकारपक्षातर्फे चालणाऱ्या खटल्यांच्या पुडक्यांना पांढरी फीत बांधण्याचा प्रघात आहे. कागद सुटे होऊ नयेत, एका दाव्याचे कागद दुसऱ्यात मिसळू नयेत आणि कोणते पुडके कोणत्या पक्षाचे हे दृष्टिक्षेपात कळावे, एवढाच त्या फितीचा हेतू. अशा या निरुपद्रवी, किंबहुना उपकारक वस्तूच्या नावावरून इंग्रजी भाषेने राज्यकारभारातील एका मोठ्या दोषाचे नामकरण करावे, आणि तो ‘रेड टेप’ हा वाक्प्रचार पुढे जगभर, व ‘लालफीत’ या रूपाने आपल्या मराठी वृत्तपत्रांतही, रूढ व्हावा, यामागे मोठा इतिहास आहे. आणि तो इतिहास ठाऊक नसल्यामुळेच हा वाक्प्रचार आज पुष्कळदा भलत्याच ठिकाणी वापरला जातो, असे माझे मत आहे.

एखाद्या कार्यालयाने, मग ते सरकारी असो, विद्यापीठाचे असो वा विमा कंपनीचे असो, आपल्या ठरीव रीतीचे, नमुन्यांचे आणि सह्याशिक्क्यांचे इतके यांत्रिक पालन करावे, की ज्या कामासाठी ती रीत निर्माण झाली ते कामच अडून राहावे, या अवस्थेला इंग्रजीत रेड टेप म्हणतात. नियम अस्तित्वात आहे, तो पाळलाही जात आहे, आणि तो पाळल्यानेच त्याचा मूळ हेतू पराभूत होत आहे, असा तिहेरी योग जुळून आला म्हणजेच हा शब्द शोभतो. चिरीमिरी मिळावी म्हणून एखाद्या कारकुनाने अर्ज दाबून ठेवला, तर ती लालफीत नव्हे; तो उघड भ्रष्टाचार होय. साहेब कचेरीत येतच नाहीत म्हणून कागद पडून राहिला, तर ती कामचुकारी झाली. लालफितीच्या कारभारातला कारकून प्रामाणिक असू शकतो, वक्तशीर असू शकतो, संध्याकाळी उशिरापर्यंत खर्डेघाशी करणाराही असू शकतो. त्याने आपले काम चोख बजावले आणि तरीही अर्जदार बुडाला, यातच या शब्दाचे मर्म आहे.

प्रत्यक्ष लाल फितीचा उल्लेख इंग्लंडात पुष्कळ जुना सापडतो. १६५८ साली लंडनच्या एका वृत्तपत्रात, लाल फितीने बांधलेले कागदांचे एक लहानसे पुडके हरवले असल्याची जाहिरात आली होती. म्हणजे त्या काळी ही वस्तू वकिली वस्तीत सर्वपरिचित होती. आठव्या हेन्रीच्या काडीमोडासंबंधी इंग्लंडच्या सरदारांनी १५३० साली पोपकडे जो अर्ज धाडला, त्याला ऐंशीहून अधिक लाखेच्या मोहोरा तांबड्या रेशमी फितीत ओवून लावलेल्या होत्या, आणि तो कागद व्हॅटिकनच्या संग्रहात जपलेला असल्यामुळे, वाक्प्रचाराचा उगम तोच असे सांगण्याची हौस पुष्कळांना असते. परंतु एका राजेशाही अर्जापेक्षा रोजच्या रोज हजारो हातांनी बांधल्या आणि सोडल्या जाणाऱ्या सुती फितीतूनच असा लोकभाषेतला शब्द निघण्याचा संभव अधिक आहे. लाक्षणिक अर्थाने तो तुरळकपणे अठराव्या शतकापासून दिसू लागतो. त्याला धार मात्र चढली ती १८५०च्या सुमारास, आणि ती चढविण्याचे श्रेय मुख्यतः दोन लेखकांकडे जाते. पहिला टॉमस कार्लाइल, ज्याने त्या वर्षीच्या आपल्या ‘लॅटर-डे पॅम्फ्लेट्स’मध्ये डाउनिंग स्ट्रीटच्या कारभारावर कठोर शब्दांत हल्ला चढविला, आणि दुसरा चार्ल्स डिकन्स.

डिकन्सला हा विषय ऐकीव नव्हता. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२७ साली, तो ग्रेज इन येथील सॉलिसिटरांच्या एका कचेरीत उमेदवार कारकून म्हणून लागला; पुढे लघुलिपी शिकून त्याने न्यायालयांची आणि नंतर पार्लमेंटची भाषणे टिपून घेण्याचे काम केले; त्याचा बाप आरमाराच्या पगारखात्यात नोकर होता आणि कर्जापायी तुरुंगात जाऊन आलेला होता. कागदाचा प्रवास एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कसा होतो, त्या प्रवासात कोणाच्या खिशाला काय चाट बसते आणि वाट पाहणाऱ्या माणसाचे काय होते, हे त्याने अगदी जवळून पाहिले होते. म्हणूनच १८५० च्या ऑक्टोबरात आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकात त्याने लिहिलेली एका गरीब कारागिराच्या पेटंटची गोष्ट आजही वाचनीय वाटते. ती कल्पित आहे. पण तिच्यातील पायऱ्या आणि रकमा त्या काळच्या खऱ्या रीतीला धरून आहेत.

जॉन नावाचा एक लोहार. वीस वर्षे, सवड मिळेल तसतशी खटपट करून त्याने एक यंत्र सिद्ध केले आहे आणि त्याचे पेटंट घ्यावे म्हणून तो लंडनला येऊन एका सुताराच्या घरी उतरला आहे. प्रथम राणीच्या नावे विनंती अर्ज लिहायचा. मग चॅन्सरीच्या एका अधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापूर्वक निवेदन करायचे. तो अर्ज घेऊन व्हाइटहॉलला गृहमंत्र्याच्या कचेरीत जायचे आणि फी भरायची. तेथून कागद अॅटर्नी-जनरलच्या दालनात अभिप्रायासाठी, पुन्हा फी. अभिप्राय घेऊन परत गृहमंत्र्याकडे. तेथे राणीच्या सहीचा हुकूम तयार होणार. हुकूम घेऊन लिंकन्स इनमधील पेटंटच्या कचेरीत मसुदा करावयास. मसुद्याची सुवाच्य प्रत करणारा कारकून निराळा, त्याची फी निराळी. पुन्हा राणीची सही, पुन्हा गृहमंत्री. तेथून सिग्नेट ऑफिस, तेथून प्रिव्ही सील, तेथून लॉर्ड चॅन्सेलर आणि महामुद्रा. प्रत्येक ठिकाणी कोणी तरी काही तरी लिहितो, कोणी तरी मोहोर उठवितो आणि जॉन पैसे मोजतो. सर्व मिळून पस्तीस पायऱ्या! राज्ञीपासून आरंभ झालेली ही यात्रा ज्याच्यापाशी संपते, त्याचा हुद्दा ‘डेप्युटी चॅफ-वॅक्स’ असा आहे, म्हणजे मोहोर उठविण्यापूर्वी लाख ऊन करून मऊ करणाऱ्या अधिकाऱ्याचा नायब. खर्च शहाण्णव पौंड, सात शिलिंग आणि आठ पेनी. आणि तोही केवळ इंग्लंडपुरता, कारण स्कॉटलंड व आयर्लंड धरून हक्क घ्यावयाचा, तर तीनशे पौंड पडावयाचे.

या हकिकतीत एक बारकावा असा आहे, की जॉनला कोणीही नकार देत नाही, कोणीही त्याला हुसकावून लावीत नाही, आणि मुख्य म्हणजे त्या पस्तीस पायऱ्यांवरचा एकही मनुष्य त्याचे यंत्र नवे आहे की जुने, चालते की चालत नाही, हे तपासून पाहत नाही. जी चौकशी करावयास हवी ती कोठेच होत नाही, आणि जिची गरज नाही ती शिक्क्यांची माळ मात्र पूर्ण होते. पूर्वी कधी तरी त्या प्रत्येक मोहोरेला अर्थ होता. राजाने घाईत किंवा कोणाच्या भरीस पडून एखादी सनद देऊन टाकू नये म्हणून मध्ययुगात एकामागून एक मुद्राधिकाऱ्यांची साखळी उभारलेली होती. राजाची मनमानी संपून शतके लोटली. साखळी राहिली, आणि तिच्या प्रत्येक कडीवर एकेक फी बसली. रेड टेप म्हणजे काय हे ज्याला मुळातून समजून घ्यावयाचे आहे, त्याने कोशातील अर्थ पाहण्यापेक्षा ही गोष्ट वाचावी.

यानंतर चारच वर्षांनी इंग्लंडला हा शब्द रक्ताने शिकावा लागला. १८५४ च्या शरद ऋतूत इंग्रज व फ्रेंच सैन्ये रशियाशी लढण्यासाठी क्रायमियात उतरली, आणि त्या हिवाळ्यात सेबास्टोपोलसमोरच्या खंदकांत इंग्रज शिपाई रशियन गोळ्यांपेक्षा थंडीने, अतिसाराने आणि स्कर्व्हीने अधिक मेले. स्कर्व्हीवर लिंबाच्या रसाचा उपाय आरमाराला अर्धशतकापासून ठाऊक होता. डिसेंबरात ‘एस्क’ नावाच्या जहाजातून सुमारे वीस हजार पौंड वजनाचा लिंबाचा रस बालाक्लावा बंदरात येऊन पडला. पण शिपायाच्या दैनंदिन शिध्याच्या यादीत लिंबाच्या रसाचे कलम नव्हते, म्हणून रसदखात्याने तो वाटला नाही, आणि बंदरापासून काही मैलांवर माणसांच्या हिरड्या सडत असताना तो फेब्रुवारी उजाडेपर्यंत कोठारात तसाच राहिला. कॉफी शिध्याच्या यादीत होती; ती पाठविलीही गेली; परंतु कच्च्या, हिरव्या बियांच्या रूपात, कारण भाजलेल्या कॉफीचा स्वाद प्रवासात उडून जातो असा खात्याचा अनुभव होता. ज्या शिपायांपाशी जळणाला वाळकी काटकी नव्हती, भाजायला तवा नव्हता आणि दळायला जाते नव्हते, त्यांनी त्या बियांचे करावे काय? काहींनी तोफगोळ्याच्या फुटक्या कवचात दुसरा गोळा फिरवून त्या भरडल्या. खात्याने आपल्या हिशेबी शिपायाला कॉफी दिलेली होती.

स्कुटारी येथील इंग्रजांच्या लष्करी इस्पितळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल अडतीस परिचारिकांसह ४ नोव्हेंबर १८५४ रोजी पोहोचली, तेव्हा तिच्या पुढे जो पहिला डोंगर उभा राहिला तो रोगाचा नसून नियमांचा होता. दाखल होणाऱ्या शिपायाने आपला सदरा, काटा, चमचा आपल्या पाठपिशवीतून आणला पाहिजे, असा लष्करी नियम होता. शांततेच्या काळातील छावणीच्या इस्पितळासाठी तो योग्यच म्हणावा लागेल. पण या शिपायांना क्रायमियाच्या किनाऱ्यावर उतरताना वरिष्ठांच्याच हुकमाने पाठपिशव्या मागे टाकाव्या लागल्या होत्या. पिशवी नाही म्हणून सदरा नाही, आणि सदरा देणे नियमात बसत नाही म्हणून कोठीवाल्याचा नकार. पुढे तिच्या मागणीवरून विलायतेहून सत्तावीस हजार सदरे आले, ते किनाऱ्यावर उतरलेही. तथापि मालाची तपासणी करणारी समिती बसल्यावाचून गठ्ठे सोडता येत नाहीत, असे कोठीच्या अधिकाऱ्याने कळविले, आणि ती समिती बसून तिचे काम आटोपेपर्यंत तीन आठवडे उघडेनागडे रोगी थंडीत कुडकुडत पडून राहिले. एके प्रसंगी नाइटिंगेलने एक सरकारी गठ्ठा आपल्या जबाबदारीवर बळाने उघडविला, आणि कोठीचा अधिकारी हताशपणे पाहत राहिला. त्या अधिकाऱ्याला दुष्ट म्हणणे सोपे आहे. परंतु एकेका सदऱ्याचा हिशेब उद्या त्यालाच द्यावयाचा होता आणि चूक निघाली तर नुकसानभरपाई त्याच्याच पगारातून व्हावयाची होती, हेही लक्षात घ्यावे लागते. लालफितीच्या मुळाशी बहुतेक वेळा ही भीतीच असते.

‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल याच्या पत्रांनी ही हकिकत घराघरांत पोहोचली, जानेवारी १८५५ अखेर मंत्रिमंडळ कोसळले, आणि लोकांच्या तोंडी ‘रेड टेप’ हा शब्द शिवीसारखा बसला. त्याच वर्षी लंडनच्या व्यापाऱ्यांनी आणि पार्लमेंटच्या काही सभासदांनी कारभार-सुधारणेसाठी एक मंडळ काढले, आणि त्या मंडळाच्या सभेत २७ जून रोजी ड्रूरी लेन थिएटरात डिकन्सने एक भाषण केले. त्यात त्याने सांगितलेली काठ्यांची कथा खरी आहे. इंग्लंडच्या खजिन्यात हिशेब ठेवण्याची फार पुरातन रीत अशी होती, की लाकडी काठीवर रकमेच्या खाचा पाडायच्या, काठी उभी चिरून एक फाक देणाऱ्याला द्यायची व दुसरी खजिन्यात ठेवायची. शाई, कागद आणि जमाखर्चाच्या वह्या येऊन शतके लोटली, तरी ही रीत चालूच राहिली. १७८२ साली ती बंद करण्याचा कायदा झाला, तो पुरतेपणी अमलात यायला १८२६ साल उजाडले. मागे राहिल्या त्या गाडाभर वाळलेल्या, किडक्या काठ्या. आसपासच्या गरिबांना त्या सरपण म्हणून वाटून टाकाव्यात, ही गोष्ट कोणाही शहाण्याला सुचली असती, असे डिकन्सचे म्हणणे. पण त्या आजवर कोणाच्या उपयोगी पडल्या नव्हत्या, तेव्हा यापुढेही पडू नयेत असा कचेरीचा रिवाज ठरला. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळण्यात आल्या. भट्ट्या अतोनात तापल्या, भिंतींतील धुराडी पेटली, आणि त्या रात्री पार्लमेंटची दोन्ही सभागृहे जळून खाक झाली. टेम्सच्या काठी आज जो भव्य राजप्रासाद दिसतो, तो या आगीनंतर उभारलेला आहे.

भाषणाच्याच वर्षी, १८५५ च्या अखेरीस, डिकन्सची ‘लिट्ल डॉरिट’ ही कादंबरी हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध होऊ लागली, आणि तिच्यात त्याने एक संपूर्ण सरकारी खाते, कोणतीही गोष्ट कशी करू नये याचे शास्त्र जाणणारे, आपल्या कल्पनेने निर्माण केले. तेथेही एक संशोधक येतो, आणि तोही आपल्या शोधासाठी वर्षानुवर्षे खेटे घालतो. पेटंटची जखम डिकन्सच्या मनातून गेली नव्हती, हे उघड आहे.

आता उपयोगाकडे वळू. ‘रेड टेप’ हे इंग्रजीत अगणनीय नाम म्हणून चालते. त्याचे अनेकवचन होत नाही आणि त्याच्यामागे ‘एक’ हे विशेषण लागत नाही. ज्याप्रमाणे आपण ‘पुष्कळ धूळ’ म्हणतो, ‘पुष्कळ धुळी’ म्हणत नाही, त्याप्रमाणे इंग्रज ‘टू मच रेड टेप’ म्हणतो, ‘रेड टेप्स’ म्हणत नाही. आमच्याकडील सुशिक्षितांच्या इंग्रजी लेखनात मात्र हे दुसरे रूप अधूनमधून डोकावते. क्रियापदे ठरावीक आहेत: फीत कापतात, फितीत अडकतात, फितीने जखडले जातात. उद्घाटनाच्या समारंभात जी कापली जाते, ती रिबन. तिचा या टेपशी काहीही संबंध नाही, आणि या दोहोंची गल्लत करणारे शीर्षक वाचले, की लिहिणाऱ्याने शब्दाचा पोत पाहिला नाही असे वाटते. एकोणिसाव्या शतकात ‘रेड-टेपिस्ट’, ‘रेड-टेपरी’ अशीही रूपे प्रचारात होती. ती इंग्लंडात जवळजवळ लोपली, पण ‘रेड-टेपिझम’ हे रूप हिंदुस्थानात टिकले आणि येथे ते इतके घरचे झाले आहे, की आपल्या संसदेतील भाषणांपासून स्पर्धापरीक्षांच्या निबंधांपर्यंत ते सर्रास आढळते. ‘ब्यूरॉक्रसी’ हा शब्द मात्र याचा पर्याय नव्हे. तो नोकरशाहीचे, म्हणजे यंत्रणेचे नाव आहे, तर ‘रेड टेप’ हे त्या यंत्रणेला जडणाऱ्या विकाराचे.

मराठीत हा वाक्प्रचार भाषांतराच्या वाटेने आला. आमच्या कचेऱ्यांतील कागद मूळचे फितीने नव्हे, रुमालाने बांधलेले असत. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद कापडी रुमालांत आजही आहेत, आणि त्या दप्तराची घडण पाहिली म्हणजे नोंदीची कटकट आणि नोंदीचे मोल या दोन्ही गोष्टी एकत्रच कळतात. नाना फडणविसांच्या काळी हुजूर दप्तरात दोनशेहून अधिक कारकून खपत. फडावर सुटणाऱ्या प्रत्येक सनदेची, हुकमाची, देणग्यांची नोंद रोजकीर्दीत होई, तिची खतावणी होई, मामलतदारांचे ताळेबंद येत आणि तपासले जात. पत्राच्या अखेरीस ‘मोर्तब सूद’ पडल्याखेरीज ते पुरे झाले असे मानीत नसत, आणि मोर्तब झाल्यावरही त्याची बार दप्तरी व्हावी लागे. एवढा सोपस्कार पाहून कोणी त्याला लालफीत म्हणेल. पण दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत या दप्तराकडे दुर्लक्ष झाले, कागद अस्ताव्यस्त झाले, आणि १८१८ नंतर इनामांचे, वतनांचे हक्क ठरविण्याची वेळ आली तेव्हा ज्यांची नोंद शाबूत राहिली होती त्यांना ती पुराव्यास सापडली. आणि गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले पेशव्यांच्या रोजनिशीतील उतारे ज्यांनी चाळले आहेत, त्यांना ठाऊक आहे, की एखाद्या खेड्यातील रयतेला दुष्काळात मिळालेली सूट आज आपल्याला कळते ती त्या कंटाळवाण्या कारकुनीमुळेच. कागद टिपून ठेवणे हा दोष नाही. दोष सुरू होतो तो टिपलेला कागद पुढे सरकेनासा झाला म्हणजे, आणि त्यासाठी आपल्या भाषेत ‘दिरंगाई’ हा फारसीतून आलेला, फितीच्या कितीतरी आधीचा शब्द आहेच.

मंत्रालयातील किंवा जिल्हाधिकारी कचेरीतील एखाद्या अर्जाची वाट ज्याने पाहिली आहे, त्याला आजची वाटही तोंडपाठ असते. अर्ज आवक बारनिशीत चढतो, त्याला क्रमांक पडतो, तो संबंधित कार्यासनाकडे जातो. तेथे नस्ती उघडली जाते, लिपिक टिपणी लिहितो, कक्ष अधिकारी तिच्यावर सही करून ती अवर सचिवांस सादर करतो, ती उपसचिवांकडे जाते, आणि तेथून ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर’ असा शेरा घेऊन पुन्हा खाली येते. या चढउतारास आवर घालण्यासाठी महाराष्ट्राने २००५ चा एक कायदा केला, बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा, आणि तो २००६ साली अमलात आला. त्याप्रमाणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहता कामा नये; तातडीची असेल तर चार दिवस; दुसऱ्या विभागाचा सल्ला लागत नसेल, तर पंचेचाळीस दिवसांत आणि लागत असेल, तर तीन महिन्यांत अंतिम निर्णय व्हावा; आणि हेतुपुरस्सर विलंब करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई व्हावी. या कायद्याने टिपणी रद्द केली नाही, सही रद्द केली नाही, नोंदवही बंद केली नाही. त्याने प्रत्येक टेबलाला मुदत घातली. लालफितीचा इलाज म्हणून मला हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण कापावयाची आहे ती गाठ, कागद नव्हे, हे त्यात ओळखलेले आहे. त्याची अंमलबजावणी तितकीच शहाणपणाने होवो, अशी इच्छा प्रत्येक अर्जदाराने धरावी.

नेमका हाच भेद वर्तमानपत्री भाषेत हरवत चालला आहे. कारखान्याच्या सांडपाण्याची तपासणी, इमारतीला अग्निशमन दलाचा दाखला, औषधाच्या परिणामांचा पुरावा, असे जे जे एखाद्या उद्योगाला आड येईल त्याला सरसकट लालफीत म्हणण्याची सवय पडली आहे, आणि तिचा परिणाम काय होऊ शकतो ते सांगणारे एक उदाहरण अमेरिकेत घडून गेले आहे. १९६० च्या सप्टेंबरात झोपेच्या एका नव्या औषधाच्या परवान्यासाठी तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज आला. अनेक देशांत ते आधीच खपत होते आणि गरोदर स्त्रियांच्या सकाळच्या मळमळीवरही दिले जात होते. त्याचे नाव थॅलिडोमाइड. अर्ज तपासण्याचे काम फ्रान्सिस ओल्डहॅम केल्सी या, त्या खात्यात महिन्याभरापूर्वीच दाखल झालेल्या, डॉक्टर बाईंकडे आले. कायद्याने त्यांना साठ दिवसांची मुदत होती. तेवढ्यात हरकत घेतली नाही, तर औषध आपोआप मंजूर. केल्सीबाईंनी अर्ज अपुरा म्हणून परत केला. पुन्हा आला, पुन्हा परत. दर वेळी साठ दिवस नव्याने सुरू. दरम्यान एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात, हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते असे एका डॉक्टराचे पत्र त्यांच्या वाचनात आले, आणि गर्भावर काय परिणाम होईल याचा पुरावा त्यांनी मागितला. अर्जदार कंपनीने वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. ही बाई हटवादी आहे, क्षुल्लक कागदांसाठी अडवणूक करते, असे सांगितले. कंपनीच्या दृष्टीने तो शंभर टक्के रेड टेप होता.

१९६१ च्या नोव्हेंबर अखेरीस जर्मनीत ते औषध बाजारातून मागे घेण्यात आले, कारण त्यामुळे हातापायांची वाढ खुंटलेली अर्भके जन्माला येत असल्याचे तोवर उघडकीस आले होते. जगभरात अशा बालकांची संख्या सुमारे दहा हजारांवर जाते. अमेरिकेत, जेथे ते केवळ नमुन्यादाखल डॉक्टरांकरवी वाटले गेले होते, ती संख्या दोन आकड्यांपलीकडे गेली नाही. ऑगस्ट १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते केल्सीबाईंचा सन्मान झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेने कायदा बदलून औषधाच्या गुणाचाही पुरावा देणे सक्तीचे केले, म्हणजे कागद आणखी वाढविले. हर्बर्ट कॉफमन या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९७७ साली रेड टेप याच नावाचा एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो ते एवढेच, की एकाला जी लालफीत वाटते तीच दुसऱ्याची ढाल असते. केल्सीबाईंचा कागद आणि स्कुटारीच्या कोठीवाल्याचा कागद दिसायला सारखाच. केल्सीबाई नियमामागील हेतूला, म्हणजे माणसाच्या जिवाला, धरून राहिल्या, तर कोठीवाला हेतू सोडून नियमाला बिलगला. हा वाक्प्रचार उच्चारण्यापूर्वी समोरचा कागद या दोहोंपैकी कोणत्या जातीचा आहे, हे पाहणे लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे.

खुद्द पेटंटच्या रीतीचे इंग्लंडात पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १८५२ साली पार्लमेंटने कायदा करून ती जुनी साखळी मोडली, सर्व काम एकाच पेटंट कचेरीकडे सोपविले आणि प्रारंभीचा खर्च संयुक्त राज्यासाठी मिळून पंचवीस पौंडांवर आणला. अर्जांचा ओघ एकदम वाढला. परंतु शोध नवा आहे की नाही हे कोणी तपासत नसल्यामुळे जुन्याच कल्पनांवर नवे हक्क दिले जाऊ लागले आणि त्यांचे तंटे न्यायालयांत साचले. तेव्हा १९०२ च्या कायद्याने त्या कचेरीवर एक काम नव्याने लादले: अर्ज आला, की मागील पन्नास वर्षांतील ब्रिटिश पेटंटांशी तो ताडून पाहायचा. ही तपासणी १९०५ पासून सुरू झाली, आणि तिच्यासाठी परीक्षकांची मोठी भरती करावी लागली.